कुंड्यांना ठिबक लावलंत, पण टायमरवर मिनिटं किती लावायची?

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या गच्चीवर ३६ कुंड्या ठिबकवर आहेत. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला सहा दिवस पुण्याला जायचं होतं. घाईघाईत ठिबकचा तयार संच मागवला, टायमरवर सकाळी १० आणि संध्याकाळी १० मिनिटं लावली आणि निघालो. परत आलो तेव्हा टाकीजवळचा पुदिना चिखलात कुजला होता आणि गच्चीच्या त्या टोकाचा सात वर्षांचा मोगरा काड्या होऊन उभा होता. तो मोगरा सासूबाईंनी लोकमान्यनगरच्या जुन्या घरून फांदी आणून लावला होता. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण दोन दिवस गच्चीवर गेल्या नाहीत. मला ते फार लागलं.

टायमर बरोबर वेळेवर चालू-बंद होत होता. पण दहा मिनिटांत एका कुंडीत किती पाणी पडतं आणि त्या कुंडीला किती लागतं, या दोन्ही गोष्टी मी मोजल्या नव्हत्या. नंतर मोजल्या आणि तेव्हापासून एकही झाड पाण्यावाचून गेलं नाही. मोगराही मुळाशी दोन डोळे जिवंत होते म्हणून पुन्हा फुटला. पहिल्यांदाच ठिबक लावणाऱ्यांसाठी सगळं क्रमानं लिहिते आहे. घाई असेल तर जोडणीचा भाग भरभर वाचा, पण ५, ६ आणि ७ या पायऱ्या सोडू नका.

१. पाणी कुठून घ्यायचं ते आधी ठरवा

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि मधला घाट चढवून ते आणावं लागतं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तो आधी खालच्या हौदात आणि तिथून पंपानं वरच्या टाकीत. तुमच्याकडेही तसंच असेल, तर ठिबक थेट नळाला जोडायचा विचार सोडून द्या. नळाला पाणी असेल तेव्हा टायमर उघडेलच असं नाही, आणि टायमर उघडेल तेव्हा नळ कोरडा असेल.

मग उरतात दोन वाटा: घराची वरची टाकी किंवा ठिबकसाठी वेगळं पिंप. माझं स्पष्ट मत पिंपाच्या बाजूनं आहे. माझ्या गच्चीवर ५८ तोट्या, म्हणजे कुंडीत पाणी ठिबकवणारे ड्रिपर, आहेत. काही कारणानं टायमर उघडा राहिला, तर त्यांतून तासाला जवळपास ८० लिटर पाणी जातं. १००० लिटरची घरची टाकी रात्रभरात आणि सकाळपर्यंत रिकामी होईल, आणि दुसऱ्या दिवशी नळाची पाळी नसेल तर घरात प्यायला पाणी नाही. पिंप असेल तर फार तर २०० लिटर जातील.

पिंप लोखंडी स्टँडवर ठेवा. माझा स्टँड अडीच फुटांचा आहे. दाबाचा हिशेब सोपा आहे: पाण्याची पातळी तोटीपेक्षा १० मीटर वर असली की साधारण १ किलोचा दाब (दर चौरस सेंटीमीटरला, म्हणजे जवळपास १ बार) मिळतो. पिंपाच्या पाण्याची पातळी कुंडीच्या काठापेक्षा जेमतेम एक-सव्वा मीटर वर असते, म्हणजे दाब एक दशांश किलोच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे टायमर आणि तोट्या घेताना याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

आणखी एक. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं. ते स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका. खाली भिंत किंवा खांब असेल अशा कडेला ठेवा. विटांच्या रचलेल्या ढिगावर तर अजिबात नको. आणि जुनं निळं पिंप घेत असाल तर त्यात आधी काय भरलं होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. रसायनाचं असेल तर कितीही धुतलं तरी ते झाडांना, विशेषतः भाजीला, वापरू नये.

२. सामान

माझ्याकडे जे लागलं ते असं:

- झाकणाचं, आरपार न दिसणारं २०० लिटरचं पिंप आणि स्टँड
- पिंपाला बसवायची टाकी-निपल, बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप
- जाळीचा छोटा फिल्टर, १२० मेशचा
- बॅटरीवर चालणारा टायमर
- १६ मिमीची काळी नळी, गच्चीच्या मापानं (मला २० मीटर लागली)
- ४ मिमीची मायक्रोट्यूब, म्हणजे मोठ्या नळीतून कुंडीपर्यंत जाणारी बारीक नळी, काळीच
- तासाला ४ लिटरच्या साध्या तोट्या; लागतील त्यापेक्षा १० जास्त
- टी, एल्बो, जॉइनर, एंड कॅप, ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) आणि नळीला भोक पाडायचा पंच
- मोजमापासाठी: सामान तोलायचा हुकाचा काटा, मापाचं भांडं, चार एकसारख्या वाट्या, वही

इंदूरच्या सियागंज बाजारात नळाचं सामान मिळतं, पण तोट्या, ग्रोमेट आणि पंच मला छावणीच्या बाजूच्या शेतीच्या दुकानात मिळाले. निमाडात कपाशी आणि मिरची ठिबकवर आहे, बऱ्हाणपुरात केळी आहे, त्यामुळे शेतकऱ्यांसाठी हे सामान इकडे सर्रास येतं. शेतीची नळी उन्हात टिकते. तयार संचातली पातळ नळी माझ्या गच्चीवर दुसऱ्या उन्हाळ्यात तडकली.

दुकानातच मायक्रोट्यूब तोटीवर चढवून बघा. ४ मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नळ्या एका मापाच्या नसतात. संचातली तोटी आणि दुकानातली नळी जुळली नाही, तर ती भर दुपारी निसटते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

तोटी घेताना दुकानदार चांगला असेल तर ‘पीसी’ (प्रेशर कॉम्पेन्सेटिंग) तोटी देऊ करील. ती शेतासाठी उत्तम, कारण दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच देते. पण तिला उघडायलाच साधारण अर्धा किलो दाब लागतो. आपल्या पिंपाकडे तेवढा दाब नाही. साधी, बिनपीसी तोटी मागा.

३. टायमर: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

नळाला लावायचे टायमर बाहेरून सारखेच दिसतात. आतली झडप मात्र दोन प्रकारची असते.

पहिल्या प्रकारात सोलेनॉइड झडप असते. तिच्यातला रबरी पडदा पाण्याच्या दाबावरच उघडतो आणि बसतो. महापालिकेच्या नळाला किंवा पंपाच्या लाइनला ती छान चालते. पिंपाच्या कमी दाबावर ती नीट उघडत नाही, किंवा उघडली तर पुरती बंद होत नाही आणि रात्रभर बारीक धार चालू राहते. खोक्यावर ‘किमान दाब’ म्हणून आकडा छापलेला असतो, तो ०.३ किंवा ०.५ असेल तर तो टायमर आपल्या कामाचा नाही. ०.३ साठीसुद्धा पाणी तोटीपेक्षा ३ मीटर वर हवं.

दुसऱ्या प्रकारात छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह फिरवते. त्याला दाब लागतच नाही. खोक्यावर किमान दाब ० लिहिलेला असतो. हाच घ्या. ओळखायची आणखी एक खूण आहे: सुरू होताना सोलेनॉइड ‘टक्’ असा एकच आवाज करतो, मोटरवाला दोन-चार सेकंद घरघरतो. मी दुकानात बॅटरी घालून ऐकून मगच घेतला.

टायमरच्या तोंडाची चुडी बहुधा पाऊण इंची असते आणि आपले नळ अर्ध्या इंचाचे. बरोबर अडॅप्टर येतं का बघा, नाहीतर वेगळं घ्या. आत रबरी वायसर बसलाय याची खात्री करा. तो पिशवीत राहून जातो आणि आपण टेफ्लॉनवर टेफ्लॉन गुंडाळत बसतो.

बॅटऱ्या चांगल्या अल्कलाइन घाला. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज थोडा कमी असतो. टायमर चालल्यासारखा दिसतो आणि झडप अर्धवट फिरून थांबते. मोटरवाल्या टायमरची बॅटरी संपली की झडप ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहते, हे पिंपाच्या बाजूनं आणखी एक कारण.

४. जोडणी

क्रम असा: पिंप, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, टायमर, मग १६ मिमीची नळी. फिल्टर टायमरच्या आधी, कारण एक वाळूचा कण झडपेत अडकला तरी ती पुरी बंद होत नाही. पिंपाची निपल तळापासून तीन-चार इंच वर बसवा, म्हणजे गाळ खालीच राहतो.

नळीचं टोक गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरलं की जॉइनर सहज चढतो. टोकाला एंड कॅप लावायच्या आधी पाणी सोडून नळी धुवून घ्या. भोकं पाडतानाचे प्लॅस्टिकचे तुकडे त्यात असतात.

कमी दाबाच्या जोडणीत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत, आणि त्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, नळी कुठेही उंटाच्या पाठीसारखी वर-खाली जाऊ देऊ नका. उंचवट्यात हवा अडकते आणि पुढच्या तोट्या कोरड्या राहतात. दोन, टायमर बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या तोट्यांतून निथळतं. २० मीटर नळीत जवळपास ३ लिटर पाणी असतं. माझा पुदिना जमिनीवर होता आणि बाकी कुंड्या कट्ट्यावर. रोज दोन वेळा ते सगळं पाणी त्याच्याच वाट्याला जात होतं. सगळ्या कुंड्यांचे काठ शक्यतो एका पातळीत आणा, किंवा नळीच कठड्याला क्लिप मारून एका पातळीत न्या.

तोटी खोडाला चिकटवून ठेवू नका. खोड आणि काठ यांच्या मध्ये ठेवा. दोन असतील तर समोरासमोर.

तुळशीला मी तोटी लावलेली नाही. सासूबाई रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालतात, त्यावर ठिबकची भर पडली तर मुळं कुजतील. कोरफड, अडेनियम आणि निवडुंगही ठिबकबाहेर. त्यांना आठ-दहा दिवसांनी हातानं पाणी पुरतं.

५. कुंडी तोला

‘मोगऱ्याला किती पाणी लागतं?’ या प्रश्नाला पुस्तकी उत्तर नाही. ते कुंडीचं माप, मातीचं मिश्रण, ऊन आणि वारा यांवर ठरतं. पण तुमच्या मोगऱ्याला तुमच्या गच्चीवर किती लागतं, हे एका दिवसात कळतं, कारण १ लिटर पाण्याचं वजन १ किलो असतं.

पहाटे कुंडीला भरपूर पाणी द्या. खालून थेंब पडायचे थांबेपर्यंत, अर्धा-पाऊण तास, वाट बघा. मग सुतळीचा फास करून कुंडी काट्याला लटकवा आणि वजन लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पाणी न घालता, पुन्हा तोला. जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी झाडानं आणि उन्हानं मिळून घेतलं.

माझ्या १२ इंची मोगऱ्याचं मे महिन्यातलं वजन एका सकाळी १७.४ किलो होतं आणि दुसऱ्या सकाळी १६.१. म्हणजे दिवसाला १३०० मिली. ८ इंची कुंडीतल्या मिरचीला ५०० मिली लागले. संचातल्या चिठ्ठीवर हे दोन्ही ‘मध्यम कुंडी’ या एकाच ओळीत होते.

प्रत्येक कुंडी तोलायची गरज नाही. मापाप्रमाणे गट करा आणि प्रत्येक गटातली सगळ्यात उन्हात असलेली एक आणि सगळ्यात सावलीतली एक तोला. लिंबू आणि डाळिंब अर्ध्या कापलेल्या पिंपांत आहेत, ती उचलता येत नाहीत. तिथे उलटा हिशेब करायचा: रोज सकाळी खालून पाणी येईपर्यंत मापानं ओतायचं, खाली ताटलीत आलेलं वजा करायचं. तीन दिवसांची सरासरी घ्या. मला ३ लिटर मिळाले.

तोलताना माती कशी आहे तेही कळतं. माळव्याची काळी माती नुसतीच भरली असेल तर ती वाळून आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. ओतलंत दोन लिटर आणि वजन वाढलं अर्धा किलो, तर समजा फट आहे. अशा कुंडीला टायमरवर कितीही मिनिटं लावली तरी मुळं कोरडीच. आधी वरची माती खुरपून सैल करा आणि पुढच्या कुंडीबदलाच्या वेळी काळी माती, चांगलं मुरलेलं शेणखत आणि कोकोपीट समान भागांत मिसळून भरा.

६. तोटीचं पाणी मोजा

तोटीवर ‘४ लिटर प्रति तास’ लिहिलेलं असतं. ते १ किलो दाबावर. साध्या तोटीतून येणारं पाणी दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतं. दाब एक दशांश झाला तर पाणी दशांश होत नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं. म्हणजे पिंपावर तीच तोटी तासाला सव्वा लिटर देते. माझे दहा मिनिटांचे हिशेब इथेच चुकले होते: मला वाटत होतं ६५० मिली जातंय, जात होतं २०० मिली.

गणितापेक्षा वाटीवर विश्वास ठेवा. पिंप अर्धं भरलेलं असताना चार वाट्या घ्या: दोन पिंपाजवळच्या तोट्यांखाली, दोन शेवटच्या तोट्यांखाली. १५ मिनिटं पाणी चालू ठेवा आणि मापाच्या भांड्यात मोजा. मला जवळ ३१० मिली आणि टोकाला २९० मिली मिळाले. म्हणजे मिनिटाला साधारण २० मिली. जवळची आणि टोकाची वाटी यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक आला तर कुठेतरी हवा अडकली आहे किंवा नळी दुमडली आहे. ते आधी शोधा.

अर्ध्या पिंपावर मोजायचं कारण हे, की पातळी उतरते तसं पाणी कमी होतं. काठोकाठ पिंपावर माझी तोटी १५ मिनिटांत ३५० मिली देते, तळाला आलं की २२०. म्हणून उन्हाळ्यात मी पिंप अर्ध्याखाली जाऊ देत नाही. नळाच्या दिवशी भरलं की बरोबर जमतं.

७. मिनिटं काढा, आणि तोट्या वाटा

आता दोन आकडे हातात आहेत. कुंडीला लागणारे मिली भागिले तोटीचे मिनिटाला येणारे मिली, की मिनिटं मिळाली.

मिरची: ५०० भागिले २० म्हणजे २५ मिनिटं.
मोगरा: १३०० भागिले २० म्हणजे ६५ मिनिटं.
लिंबू: ३००० भागिले २० म्हणजे १५० मिनिटं.

टायमर तर एकच, आणि तो सगळ्यांना एकाच वेळी चालू-बंद करणार. मग करायचं काय? वेळ सगळ्यांना सारखी ठेवायची आणि तोट्यांची संख्या बदलायची. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मी दिवसाला ३० मिनिटं धरली. ३० मिनिटांत एक तोटी ६०० मिली देते. मिरचीला एक तोटी. मोगरा, गुलाब, जास्वंद, कढीपत्ता यांना दोन, म्हणजे १२०० मिली. लिंबू आणि डाळिंब यांना प्रत्येकी पाच, म्हणजे बरोबर ३ लिटर. शंभर मिली इकडे-तिकडे झाले तर झाड सांभाळून घेतं.

माझ्याकडे २० छोट्या कुंड्या, १४ मोठ्या आणि २ अर्धी पिंपं. तोट्या झाल्या २० अधिक २८ अधिक १०, एकूण ५८. दिवसाचं पाणी सुमारे ३५ लिटर. दोन दिवसांचे ७०, म्हणून एक दिवसाआड पिंप भरणं पुरतं. तुमचा हा आकडा नक्की काढा. पिंप केवढं घ्यायचं ते त्यावर ठरतं.

बाजारात फिरवून कमी-जास्त करायच्या तोट्याही मिळतात. प्रत्येक कुंडीला हवं तेवढं पाणी म्हणून त्या मोहात पाडतात. मी वापरल्या आणि काढून टाकल्या. कमी दाबावर अर्धा फेरा फिरवला तरी पाणी दुप्पट होतं, आणि शेजारच्या तोट्यांचं पाणी पळतं.

८. टायमरवर वेळ लावणं

३० मिनिटं एका दमात देऊ नका. कोरडं कोकोपीट पहिलं पाणी घेतच नाही, ते कडेनं निघून जातं. थोडं पाणी, मध्ये विश्रांती, मग पुन्हा थोडं, असं दिलं की माती ते धरून ठेवते. उन्हाळ्यात महाकालेश्वराच्या पिंडीवर मडक्यांतून थेंब थेंब धार धरतात, ती उज्जैनला पाहिली असेल तर हा वेग डोळ्यांपुढे आणा.

माझ्या मे महिन्याच्या वेळा: पहाटे ५:३० ला १० मिनिटं, ६:३० ला १० मिनिटं, संध्याकाळी ७:३० ला १० मिनिटं.

संध्याकाळची वेळ साडेसात का? काळी नळी दिवसभर गच्चीवर तापते. दुपारी चार वाजता तिच्यातून येणारं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते तीन लिटर गरम पाणी सरळ मुळांवर जातं. ऊन उतरून नळी थंड होऊ द्या. शक्य असेल तिथे नळी कुंड्यांच्या सावलीतून न्या, आणि टायमरवर उलटं केलेलं जुनं डबडं ठेवा, म्हणजे स्क्रीन उन्हानं जात नाही.

टायमर लावताना होणाऱ्या चुका:

सकाळ-संध्याकाळची खूण बघा. १२ तासांच्या घड्याळात ५:३० दुपारचे लागले तर झाडाला कडक उन्हात पाणी मिळतं. दोन चकत्यांचा साधा टायमर असेल तर त्याला घड्याळ नसतं. तुम्ही चकती फिरवली त्या क्षणापासून तो तास मोजतो. म्हणजे पहाटे ५:३० ला पाणी हवं असेल तर तो पहाटे ५:३० लाच लावावा लागतो. बॅटरी बदलली की काही टायमर वेळ विसरतात. बदलल्यावर एकदा घड्याळ तपासा. आणि हाताने चालू करायचं बटण दाबलं असेल तर नंतर ‘ऑटो’वर परत आणलंत का ते बघा.

लावून झाल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी फेरी मारा. बोट दोन इंच मातीत घालून बघा. ताटल्या काढून ठेवा, नाहीतर जास्तीचं पाणी साचून मुळांशी राहतं आणि ते दिसतही नाही.

९. ऋतू बदलला की मिनिटं बदला

वर दिलेली ३० मिनिटं मे महिन्याची आहेत. तीच वर्षभर ठेवलीत तर डिसेंबरमध्ये झाडं पिवळी पडतील. मी वर्षातून निदान सात वेळा टायमरला हात लावते, आणि प्रत्येक वेळी आधी मोगरा आणि मिरची तोलते.

मार्चमध्ये १५ ते १८ मिनिटं. एप्रिलमध्ये २५. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो त्या दिवसांत ३५, आणि छोट्या कुंड्यांवर हिरवी जाळी. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाऊस नीट सुरू झाला की बंद. पण पूर्ण विसरू नका: पत्र्याखालच्या आणि खिडकीच्या छज्जाखालच्या कुंड्यांवर पाऊस पडत नाही. त्यांच्यासाठी वेगळी छोटी शाखा काढून तिला एक व्हॉल्व्ह लावा, म्हणजे बाकीची लाइन बंद करून तेवढ्याच चालू ठेवता येतात. ऑगस्टमध्ये पावसानं आठ-दहा दिवस ओढ दिली तर पुन्हा सगळं चालू. ऑक्टोबरच्या उन्हात २० मिनिटं. थंडीत एक दिवसाआड १५ मिनिटं, तीही पहाटे नव्हे, सकाळी ९ वाजता, ऊन अंगावर आल्यावर.

ऋतूबरोबरच सफाईही करून टाका. बोरिंगचं पाणी वापरत असाल तर तोट्यांच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून तोट्या रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी धुवा. फिल्टरची जाळी उन्हाळ्यात आठवड्याला आणि थंडीत महिन्याला. पिंपाचं झाकण घट्ट असू द्या. उघड्या पाण्यात डासांची अंडी होतात आणि डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. बोरिंगच्या पाण्याचे क्षार कुंडीतही साठतात, काठाला पांढरी कड दिसते. पंधरा दिवसांतून एकदा हातानं पाइप धरून, खालून भरपूर पाणी वाहेपर्यंत कुंड्या धुवून काढा. ठिबक कितीही चांगलं चाललं तरी हे काम त्यावर सोडता येत नाही.

१०. गावाला जाताना

निघायच्या आदल्या दिवशी नाही, पाच दिवस आधी सगळं चालू करा. बॅटऱ्या नव्या घाला, जुन्या कितीही चांगल्या वाटल्या तरी. एकदा रात्री टायमर बंद झाल्यावर टॉर्च घेऊन शेवटच्या तोटीखाली वाटी ठेवा आणि सकाळी बघा. नळी निथळण्यापुरतं पाणी असेल तर ठीक, वाटी भरून वाहिली असेल तर झडप पुरती बंद होत नाही.

उन्हात असलेल्या कुंड्या शक्य तर भिंतीच्या पूर्वेच्या बाजूला सरकवा, म्हणजे दुपारनंतर सावली मिळते. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटं थर द्या. एवढ्यानं पाणी बरंच कमी लागतं.

चार दिवसांच्या आत येणार असाल तर भरलेलं पिंप पुरतं. त्याहून जास्त असेल तर किल्ली कुणाकडे तरी द्यावीच लागते. आम्ही शेजारच्या वहिनींकडे देतो. त्यांना टायमर समजावत बसत नाही. पिंपाच्या मागे चिकटपट्टीनं एक कागद लावला आहे, त्यावर तीन ओळी: नळाच्या दिवशी पिंप लाल खुणेपर्यंत भरा. शेवटच्या मोगऱ्याची माती ओली आहे का बोटानं बघा. गच्चीवर पाणी वाहताना दिसलं तर पिवळी मूठ आडवी करा. लाल खूण आणि बॉल व्हॉल्व्हची पिवळी मूठ मी त्यांना हात लावून दाखवली आहे.

निघताना मोगऱ्याच्या कुंडीचं वजन वहीत लिहा, पहाटेचं पाणी निथळल्यावरचं. परत आल्यावर पुढच्या पहाटे त्याच वेळी पुन्हा तोला. पाव किलोच्या आतला फरक असेल तर मिनिटं तशीच राहू द्या. एक किलोनं कमी भरली तर वेळ वाढवायच्या आधी शेवटच्या तोटीखाली वाटी लावा. बहुतेक वेळा ती तोटीच अर्धी चोंदलेली असते.